सुनेच्या किडनीला मंजुरी

अप्पा,

समितीने हो म्हटलं. डायलिसिसनंतर तुम्हाला गाढ झोप लागली होती, म्हणून उठवलं नाही. शेवटच्या तपासणीचं रक्त द्यायला हॉस्पिटलात पळतेय, लॅब बंद व्हायच्या आत पोचायला हवं. घाईत लिहितेय, अक्षर सांभाळून घ्या.

पोटच्या मुलाने किडनी दिली तर कायदा फारसं विचारत नाही. सून पडली परक्या घरची, म्हणून तिला समितीपुढे बसवतात. तिथल्या बाईंनी विचारलं, "सासऱ्यांनी पैसे, दागिने, घर असं काही कबूल केलंय का?"

मी म्हटलं, "बाई, हा माणूस मला कॅरममध्ये राणीसुद्धा सोडत नाही."

सगळे हसले, पण बाई हटेनात. "मग देताय कशासाठी?"

"त्यांच्याशिवाय घरात माझ्याशी भांडायला कोणी उरलेलं नाही," मी म्हटलं. त्यांनी कागद पुढे ओढला आणि सही केली.

तुमच्या चिरंजीवांना कळवायला फोन केला, उचलला नाही. नवरा म्हणून लागणारी संमतीची सही त्यांनी आधीच पाठवली होती, तेवढं पुरे. तुम्ही पुन्हा फोन लावू नका.

जेवण झाकून ठेवलंय. मिठाचा डबा शोधू नका, लपवलाय.

उद्या तुमचीही सही लागेल. नाही म्हणायचं असेल तर मी येईपर्यंत थांबा, समोरासमोर भांडू. आणि दात्याशी नातं विचारलं तर नुसतं 'सून' लिहा. 'मुलीसारखी' वगैरे जोडू नका. सून म्हणूनच मंजूर झालेय मी.