घड्याळापुढची हिरवी बांगडी

माय,

आज दुकानात एका नव्या कंपनीचा माणूस आला होता. खुर्चीत टेकायच्या आधीच त्यानं बाही मागं सारली आणि मनगट गल्ल्यावर अशा बेतानं ठेवलं की घड्याळाचं तोंड बरोबर माझ्याकडं यावं. बशीएवढं घड्याळ. त्यात किती वाजले ते मी बघितलंच नाही, ते केवढ्याचं असेल याचाच अंदाज बांधत बसलो. मग एकदम तुझी आठवण आली आणि मला हसू फुटलं. त्याला वाटलं, सौदा जमला.

तू गिऱ्हाइकाच्या तोंडाकडं आधी कधी बघितलंच नाहीस. हात हातात घ्यायचा, अंगठ्याखालचा मांसल भाग दाबायचा आणि माप सांगायचं. सव्वादोन, अडीच, पावणेतीन. पाठोपाठ बाईचं निम्मं आयुष्यही तुला कळलेलं असायचं. वडील गेल्यावर बांगड्यांची टोपली तू डोक्यावर घेतलीस आणि दोन वर्षांतच तो मोठा दुष्काळ पडला. बाजारात बाया फिरकेनात, तेव्हा तू टोपली घेऊन औशाच्या रस्त्यावर, खडी फोडायच्या कामावर जाऊन बसू लागलीस. शेजारणी नावं ठेवायच्या, लोकांना पोटाला रेशनची मिलो ज्वारी मिळेना आणि ही बांगड्या विकायला निघाली. तू त्यांना म्हणालीस, "खडी फोडून बायांचे हात मोकळे झालेत. मोकळ्या हातानं भाकर थापवत न्हाई त्यांना." ते हात मला अजून दिसतात. सुजलेले, भेगाळलेले, बोटांच्या पेरांवर गाठी आलेले. तसल्या हातांत काच चढवायची म्हणजे खायचं काम नव्हतं. तू बाईला माहेरचं काहीतरी विचारायचीस, सासूची नक्कल करायचीस, आणि ती हसली रे हसली की बांगडी पेरांवरून अल्लद आत गेलेली असायची. हसलं की हात सैल पडतो, हे तू मला तिथं शिकवलंस. बी.कॉम.ला असलं काही नव्हतं.

मग काही वर्षांनी लातूर जिल्हा झाला. काय दिवस होते ते. जिकडंतिकडं नव्या पाट्या, नव्या जीपा, परगावचे साहेब, आणि ज्याच्यात्याच्या मनगटावर घड्याळ. चहाच्या टपरीवर सुद्धा लोक कोपरापर्यंत बाही दुमडून बसायचे. कुणी वेळ विचारली नाही तरी सांगायचे. माणूस मनगटावरून ओळखावा, असं माझंही पक्कं मत झालं होतं, आणि माझं मनगट उघडं होतं. तेवढ्यात खबर आली की फिरोजाबादचा बांगड्यांचा माल आणणारा मुंबईचा एक ठोक व्यापारी नव्या जिल्ह्यासाठी एकच एजंट नेमणार आहे, आणि त्यासाठी तो बस स्टँडजवळच्या लॉजवर उतरणार आहे. तू तेव्हा गंजगोलाईच्या बाजारचौकात पोत्यावर बसत होतीस. गुडघ्यांनी जवाब दिला होता. उठताना खांब धरून उठायचीस आणि कुणी बघितलं की खांब साफ करत असल्याचं सोंग करायचीस. एजन्सी मिळाली असती तर आपलं दुकान झालं असतं, डोक्यावर पत्रा आणि तुझ्याखाली खुर्ची. मला ती खुर्चीच पाहिजे होती, माय. एवढं तरी खरं धर.

समोरच्या कापड दुकानदारानं त्याच्या जावयाचं सोनेरी घड्याळ एका दिवसासाठी दिलं. अट एकच, साखळीची कडी काढायची नाही. जावई खात्यापित्या घरचा, माझं मनगट काडीसारखं. हात खाली केला की घड्याळ बोटांवर यायचं, वर केला की कोपराकडं पळायचं. मी स्वयंपाकघरात येऊन दोरा मागितला. तू चुलीपुढं होतीस. तू आधी म्हणालीस, काचेच्या धंद्यात मनगटावर लोखंड कशाला, तुझा बाप घड्याळ खिशात ठेवायचा. मी ऐकतो थोडाच. मग तू पीठ पुसून हात धुतलास आणि टोपलीतून एक हिरवी सव्वादोनची उचललीस. बाया हातातल्या काचा पुढं सरकू नयेत म्हणून घट्ट पाटली घालतात, तोच न्याय तू घड्याळाला लावलास. मी म्हणालो, माय, माणसाच्या हातात बांगडी भरतीस का? तू म्हणालीस, लातुरातल्या निम्म्या पुरुषांनी भरल्यात, तुझी बाहीखाली तरी राहील. मला हसू आलं, आणि तेवढ्यात ती आत गेली. अडीचच्या वरचा हात माझा. कळलं सुद्धा नाही.

लॉजच्या खोलीत आणखी दोघं आले होते, दोघंही जुने दुकानदार, दोघंही घड्याळवाले. आम्ही तिघं मांडीवर डावा हात ठेवून फोटोला बसल्यासारखे बसलो. मुंबईचा व्यापारी साधा निघाला. धोतर, काळी टोपी, दोन्ही मनगटं रिकामी. बाकीच्या दोघांची घड्याळं त्यानं बघितली आणि हसून म्हणाला, काचेचा माल हाताळणारा माणूस साखळीचं घड्याळ कसं घालतो? टवका उडतो बांगडीचा. मी लगेच हात पाठीमागं नेला, आणि नेमकं तेव्हाच घड्याळ बांगडीवर आपटून किणकिण वाजलं. त्यानं बोटानं खूण करून बाही वर करायला लावली. सोनेरी घड्याळ आणि त्याच्यापुढं हिरवीगार बांगडी. ते दोघं दुकानदार पोट धरून हसू लागले. व्यापारी मात्र हसला नाही. त्यानं माझा हात उजेडाकडं नेला, बांगडी फिरवून बघितली, माझी पेरं दाबून बघितली. "सव्वादोन आहे," तो म्हणाला. "या हातात सव्वादोन? कुणी भरली?"

माय, इथं थांबून मी पाणी पिऊन आलो.

मी म्हणालो, "आहे एक कासारीण. गंजगोलाईत बसते."

त्या दोघांपुढं, पोत्यावर बसणारी बाई माझी आई आहे हे माझ्या तोंडातून निघालं नाही. दुसरं काही कारण नव्हतं. व्यापारी उठला, म्हणाला, दाखवा. बस स्टँडपासून गंजगोलाईपर्यंत मी त्याच्या पुढं चालत होतो. आता सांगू, त्या वळणावर सांगू, असं म्हणता म्हणता तू समोर आलीस. लांबून बघितलंस, तुझं तोंड उघडलं, तू मला हाक मारणार होतीस. मग तू माझ्या तोंडाकडं बघितलंस. हात न धरता, पहिल्यांदाच, नुसतं तोंडाकडं. आणि म्हणालीस, "या साहेब. बांगडी टोचली का?"

पुढचं सगळं तूच केलंस. व्यापाऱ्यानं विचारलं, ही तुम्ही भरली? तू म्हणालीस, "हाव. साहेबाचा हात लई कडक हाय, पर हसवलं की सैल पडतोय." त्यानं स्वतःचा हात पुढं केला. भाजीवाल्या गोळा झाल्या. तू त्याला विचारलंस, शेटजी, घरी कुणाचं चालतं? तो हसला आणि मुंबईचा ठोक व्यापारी भर चौकात सव्वादोनची बांगडी घालून उभा राहिला. तो तुलाच एजन्सी द्यायला निघाला होता. तू म्हणालीस, "मला अंगठा येतो, सही न्हाई. ह्या साहेबाला द्या. मी ह्यांच्या दुकानात बसते. माणूस चांगला हाय, फकस्त घड्याळ दुसऱ्याचं हाय."

दुकान झालं, खुर्ची आली. एजन्सी ठरली त्या संध्याकाळी तू साबण लावून माझ्या हातातली बांगडी काढायला बसलीस. फक्त म्हणालीस, "साहेब, हात सैल सोडा." तू सासूची नक्कल केलीस, शेटजीची केलीस. मला हसू येईना. बांगडी निघेना. शेवटी ती वाढवावी लागली, आणि तुकडे पदरात गोळा करताना तुलाच हसू आलं. म्हणालीस, एवढं मनावर घेतोस व्हय, येडा हाईस का.

तेव्हापासून मी साहेब. साहेब, जेवायला या. साहेब, मिरच्या आणा. घरात सगळ्यांना ते लाडाचं नाव वाटलं, तुझी सूनसुद्धा तसंच समजायची. व्यापारी वर्षातून दोनदा यायचा आणि तू त्याच्यासमोर मला अहोजाहो करत चहा द्यायचीस, डोळ्यांत मिश्कील हसत. त्याला खरं कळलं होतं की नाही, देव जाणे. मी कधी सांगितलं नाही. आधी भीती वाटायची, मग लाज, आणि मग तो पण गेला.

तू गेलीस, आता हा कागद कुठं पाठवणार, म्हणून सव्वादोनच्या खोक्यात ठेवतोय. ते माप आता फारसं कुणी मागत नाही. बांगडीची गोष्ट मात्र अजून चालते. गिऱ्हाईक बसलं की मी ती सांगतो, आणि लॉजच्या खोलीतल्या 'कुणी भरली?' या प्रश्नाशी आलो की छाती पुढं काढून म्हणतो, "मी ताडकन म्हणालो, माझ्या आईनं भरली." लोकांना ती जागा फार आवडते. आज कंपनीचा माणूस गेल्यावर नात मांडीवर येऊन बसली, म्हणाली, आजोबा, आज मला खरी खरी गोष्ट सांगा. तिचा हात माझ्या हातात होता. मी पुन्हा तशीच सांगितली, माय. साहेबच राहिलो.