बाटली रचनाच्या हातात होती

कोपरी, ठाणे पूर्व
४ जानेवारी २०२५, शनिवार

चि. दक्षता हिला आजीचा आशीर्वाद.

मी बरी आहे. तू बरी आहेस का ते विचारत नाही, कारण तू हो म्हणणार.

माझ्या अक्षराला हसू नकोस. चौथी झाली आणि बापानं पाटी काढून हातात कोयती दिली, त्यानंतर मी हिशेबाच्या वहीत आकडेच लिहिले. फोन असताना म्हातारी पत्र कशाला लिहिते असं तुला वाटेल. त्याला कारण आहे. येते त्याच्यावर.

इकडची खबर अशी. बाजारातल्या माझ्या जागेवर आता शेजारची हेमाली बसते. गिऱ्हाईकाला मॅडम म्हणते. मी म्हणायचे, घ्यायचं तर घे, नाहीतर बोट काढ माशातून. तरी माझंच गिऱ्हाईक जास्त होतं. खाडीच्या चिखलात निवट्या मासळ्या मिळतात पण रॉकेलचा वास मारतात, त्या मी घरात आणत नाही. तुझ्या बापाचा उरणहून फोन आला होता. नव्या बायकोला तिसरं झालं. मी म्हटलं, बरं झालं, पहिल्या पोरीला कुठं ठेवलंयस ते आठवतं का? त्यानं फोन ठेवला. तुझी आई गेली तेव्हा तू सहा वर्षांची होतीस, तेव्हापासून त्याला असाच फोन ठेवायची सवय आहे.

तुझा फोटो हेमालीच्या फोनवर बघितला. भिंतीला टेकून बसलीस, डोळ्यावर काळा गॉगल. घरात बसून गॉगल कोण घालतं गो? ऊन काय छतातून येतं बँकॉकला?

तुला ती केनियाची बाई आठवते? मर्सी. तुझ्या पहिल्या प्रोफेशनल लढतीला तिला विमानानं आणली होती. तू जिंकलीस, लोकांनी तुला उचलली, आणि ती मागच्या खुर्चीवर गालाला बर्फ लावून एकटी बसली होती. दुसऱ्या दिवशी तू तिला आपल्या घरी जेवायला आणलीस. मी मांदेली तळली. तिनं काट्यासकट खाल्ली, बोटं चाटली. तिची भाषा मला येईना, माझी तिला. तरी बोटं मोजून तिनं सांगितलं, दोन पोरं आहेत, नऊ देशांत लढले, नऊ देशांत हरले. मी विचारलं, आणि तुझ्या देशात? तू ते इंग्रजीत विचारलंस. ती हसली. म्हणाली, तिथं मला कुणी बोलवत नाही. ती गेल्यावर तू भांडी घासता घासता म्हणालीस, "आजी, मी अशी नाही होणार. मी दुसऱ्याच्या नावापुढे टिक लावायला नाही जाणार."

मी परवा तुझं नाव बघितलं. बॉक्सिंगची ती यादी असते ना फोनवर, कोण किती लढलं, जिंकलं तर हिरवं, हरलं तर लाल. तुझ्या अकरा लढती. दोन हिरव्या. त्याही दोन्ही ठाण्याच्या.

यादीत तुझ्यासारख्या पुष्कळ आहेत म्हणे. हंगेरीची एक बाई, वय चाळीस, त्र्याण्णव लढती, त्यातल्या ऐंशी हरलेली. जॉर्जियाची एक, टांझानियाची एक, फिलिपाइन्सची तर आपल्या हेमालीएवढी पोर. सगळ्या विमानानं जातात, दुसऱ्याच्या गावात मार खातात, परत येतात. वर ज्यांचे फोटो असतात, पट्टे असतात, त्यांचा पट्टा ह्या बायकांच्या डोक्यावर उभा असतो. हे मला माहीत नव्हतं. मला वाटायचं, दोन पोरी, जिच्यात जोर ती जिंकते. बाजारात पण मी तसंच समजायचे, मग कळलं की लिलाव कुणाला सुटणार ते आधी ठरलेलं असतं.

ही यादी मला कुणी दाखवली ते लिहिते. रचनानं.

पत्र फाडू नकोस. वाच पुढे.

गुरुवारी मी मोहन्याला गेले. शहाडला उतरले, रिक्षा केली, त्या बंद कारखान्याच्या मागच्या चाळीत विचारत विचारत पोचले. रचना ओट्यावर वाटाणे सोलत बसली होती. जाडी झाली आहे. डोंबिवलीला बायकांच्या जिममध्ये शिकवते, वजन उतरवायचं बॉक्सिंग. बायका पंचिंग बॅगला नवऱ्याचं नाव देऊन मारतात असं म्हणाली.

मला बघून उठली नाही.

"कोण पाहिजे?"

"तूच पाहिजेस."

"अडीच वर्षांनी आठवण आली? आता काय हरवलं तुमचं? कुठली बाटली?"

मी उभ्याउभ्याच सांगितलं तिला, जे सांगायचं होतं ते. ती वाटाणे सोलायची थांबली. मग म्हणाली, "आजी, खाली बसा. उभ्यानं पडलात तर परत माझंच नाव येईल."

तिची आई मीराबाई दारात उभी राहून ऐकत होती. तिनं मला पाणी दिलं नाही. बरोबर केलं. मी असते तर पायरी चढू दिली नसती.

तिथं काय सांगितलं ते आता तुला लिहायला घेतलं आणि दोनदा पेन ठेवला. चहा केला. चहा प्यायले. आता लिहिते.

अडीच वर्षांपूर्वी ऑगस्टात तुझा उजवा खांदा धरला होता. हात वर जाईना. दुबईवाले लढत बघायला येणार, जिंकलीस तर करार, आणि तुला केस विंचरता येत नव्हते. क्लबच्या सुदेश सरांनी लिहून दिलेल्या कागदाबाहेरचं तू काही तोंडात घालायची नाहीस. साधी खोकल्याची गोळी दिली तरी सरांना फोन लावायचीस. मला ते बघून राग यायचा. मी म्हणायचे, ह्या सरांना काय कळतं, मी चाळीस वर्षं पाटी वाहिली, सांधे कसे दुखतात ते मला विचारा.

शहाडच्या पुलाखाली एक पुडीवाला बसायचा. वाताच्या पुड्या, पिवळट पूड, कागदात बांधलेली. माझे गुडघे त्यानंच चालते केले होते. आपल्या बाजारातल्या निम्म्या बायका त्याच्याच पुडीवर पाटी उचलायच्या. मी तुझ्यासाठी दहा पुड्या आणल्या आणि रोज सकाळी एक तुझ्या कालवणात घातली. तुझं ते बिनतेलाचं कालवण. कडू लागू नये म्हणून चिंच जास्त टाकली. दुसऱ्या दिवशी तू म्हणालीस, "आजी, चिंच सांडली का गो?" मी म्हटलं, "खायचं तर खा, नखरे नको." आठव्या दिवशी तुझा हात कानाला लागला. तू मला उचलून गोल फिरवलीस. मला वाटलं, बघा, डॉक्टरांच्या बापाला जमलं नाही ते मी केलं.

लढत जिंकलीस. लघवी तपासायला घेतली. तीन आठवड्यांनी कागद आला, तुझ्या लघवीत बंदीचं औषध आहे.

त्यात काय सापडलं त्याचं नाव मला तेव्हाही उच्चारता आलं नाही. पण त्याच महिन्यात माझी साखर वाढली, तोंड सुजलं, आणि सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण म्हणाली, आजी, त्या पुड्या बंद करा, त्यात विलायती औषध कुटून घालतात. म्हणजे चौकशीच्या समितीसमोर बसले तेव्हा मला माहीत होतं. हे नीट वाच. माहीत होतं.

समितीनं विचारलं, तुझ्या खाण्यापिण्याला कोणी हात लावला? तू म्हणालीस, माझ्याच क्लबातली रचना आठ दिवस आमच्याकडे राहायला होती, तीच माझी बाटली भरायची, मी बाद झाले की करार तिला मिळाला असता. मग मला विचारलं. मी म्हटलं, हो साहेब, बाटली रचनाच्या हातात होती.

खोटं नाही बोलले. होतीच तिच्या हातात. बाजारात पण मी गिऱ्हाईकाला सांगायचे, मासा सकाळचा आहे. कुठल्या सकाळचा ते त्यानं विचारलं तर बघू.

तुझ्यावर चार वर्षांची बंदी आली. कुठून आलं ते सिद्ध झालं असतं तर कमी झाली असती, असं वकील बाहेर बाकावर बसून म्हणाला, आणि मी शेजारी बसून ऐकलं. रचनावर काही शाबीत झालं नाही, तरी क्लबनं तिला काढलं. लोक तिच्यावर बोलले, मग तिच्या आईवर बोलले, मग जातीवर आले. आपल्या आळीतले लोक. आपल्या ओट्यावर बसून. मी त्यांना चहा दिला.

का गप्प बसले? भीती वाटली. तू सोडून जाशील म्हणून. त्याला प्रेम वगैरे मोठं नाव देऊ नकोस, भीतीच होती. आणि तू गेलीसच. जिथं बंदी कुणी विचारत नाही अशा ठिकाणी गेलीस, आणि जाताना दारात सांगून गेलीस, रचना कबूल होईपर्यंत ठाण्यात पाय ठेवणार नाही. ती काय कबूल होणार, कप्पाळ?

आता पत्र का लिहिते ते ऐक.

हे सगळं मी तुला आधी सांगितलं आहे. फोनवर. डिसेंबरच्या दहा तारखेला, दुपारी, हेमालीसमोर. मग मला अशा शिव्या दिल्यास की मच्छीबाजारात पण ऐकल्या नव्हत्या. रडलीस. म्हणालीस, "म्हातारे, तू मेलीस माझ्यासाठी." फोन आपटलास. मी म्हटलं, संपलं, झालं ते ठीक झालं.

चौथ्या दिवशी तुझाच फोन. आवाज अगदी गोड. "आजी, जेवलीस का?" मी म्हटलं, जेवले. तू म्हणालीस, "ती रचना अजून कबूल नाही झाली ना गो?"

मला वाटलं टोमणा मारतेस. नव्हता टोमणा.

मी परत सांगितलं. परत शिव्या, परत रडणं, तेच शब्द, त्याच क्रमानं. आणि नाताळाच्या दिवशी परत फोन, परत तेच. तिसऱ्यांदा मी नाही सांगितलं. म्हटलं, नाही झाली कबूल.

म्हणून मी मोहन्याला गेले. माफी मागायला नाही. रचनानं विचारलं तसं, "माफी मागायला आलात?" मी म्हटलं, माफी घेऊन काय करू, लोणचं घालू? पोरगी विसरायला लागली आहे, ते कशानं होतं ते सांग. तुला कळतं, मला कळत नाही.

तिनं मग यादी उघडली. लाल खुणांवर बोट ठेवून एकेक दाखवलं. ह्यात खाली पडली, ह्यात दोनदा पडली, ह्यात पडून सोळा दिवसांत परत उभी केली, इतक्यात परवानगीच नसते कुठं. म्हणाली, "हिच्या डोक्याचा फोटो काढायला पाहिजे होता सहा लढतींपूर्वी." मी विचारलं, आता काढला तर? ती म्हणाली, "आता काय गेलं ते कळेल. परत नाही येणार." मी विचारलं, आणि माझं हे सगळं समितीला सांगितलं तर? म्हणाली, "मुदत गेली, आजी. ऐकतील, चहा पाजतील, परत पाठवतील."

चोवीस तारखेला मनिलाला तुझी लढत लावली आहे. समोरची पोरगी चौदा लढली, चौदा जिंकली, सगळ्या खाली पाडून. तिला पंधरावी पाहिजे आणि तू स्वस्त पडतेस. रचना म्हणाली, "ही झाली तर पत्र लिहायची पण गरज नाही."

म्हणून कागद. ऐकलेलं तू विसरतेस, कागद विसरत नाही. हे पत्र पेटीत ठेवू नकोस, जिथं दात घासतेस तिथं भिंतीला चिकटव. रोज सकाळी वाचशील तर रोज नव्यानं कळेल. रोज मला नव्यानं शिव्या दे, फोन करून दे, मी उचलीन. तू घरी ये म्हणायचं तोंड मला नाही. पण चोवीसला त्या दोरीच्या आत जाऊ नकोस. तू ज्या रागावर तिथं उभी राहतेस तो राग चुकीच्या माणसावरचा आहे. खरं माणूस कोपरीत आहे, शहात्तर वर्षांचं आहे, पळून जाणार नाही.

पाकिटावरचा इंग्रजी पत्ता रचनाच्या हातचा आहे. लिहून झाल्यावर तिनं पाकीट माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाली, "तिला माझा नमस्कार लिहू नका. मी अजून तयार नाही." म्हणून लिहीत नाही.

खाली नुसतं 'आजी' लिहीत नाही. आजी कुणाचीही असते. पूर्ण नाव घालते, म्हणजे वाचताना प्रश्न पडायला नको की कोण बोलतंय आणि कुणाला धरायचं.

जनाबाई परशुराम नाखवा
राहणार कोपरी
पुडी हिनं घातली. रचनानं नाही.