टेकडीची शिफारस

प्रिय ताई,

तुझं पत्र येऊन दोन महिने झाले. उत्तर नाही म्हणून मनातल्या मनात चार शिव्या घातल्या असशील. आणखी चार राखून ठेव, पत्र संपेपर्यंत लागतील. तू एवढंच विचारलं होतंस, "युद्ध होणार का रे? तुला आतलं कळत असेल." परराष्ट्र खात्यातल्या माणसाला आतलं कळतं, असं सगळ्यांनाच वाटतं. आमच्या खोलीच्या आत दोन टेबलं, एक डुगडुगणारा पंखा आणि पित्ताच्या गोळ्यांचा डबा आहे. बाकीचं आम्हीही वर्तमानपत्रातच वाचतो.

माझं काम तुला ठाऊक आहे. शेजाऱ्याने समुद्रात क्षेपणास्त्र टाकलं की त्याला पत्र लिहायचं. त्याची एक शिडी ठरलेली आहे. पहिल्या चाचणीला 'दखल घेतली', दुसरीला 'चिंता', मग 'तीव्र चिंता', मग 'निषेध', मग 'तीव्र निषेध'. पायरी गाळायची नाही, एकदम वर उडी मारायची नाही. पंचाईत अशी की पायऱ्या पाच आणि त्यांनी चाचण्या केल्या नऊ. आठवीपर्यंत 'तीव्र निषेध'च पुन्हा पुन्हा पाठवला. नवव्या वेळी साहेब टेबलाशी येऊन म्हणाले, "आता काय लिहिणार हो? अतितीव्र?" मी म्हटलं, "साहेब, ते तिखटाच्या पुडीवर शोभतं." ते हसले नाहीत. आपलं कागदाचं काम संपत आलंय, हे मला तेव्हाच उमजायला हवं होतं.

तिकडूनही दर वेळी उत्तर यायचं: 'केवळ संरक्षणासाठी.' ते लिहिणारा माझ्याच वयाचा, माझ्यासारखाच पित्ताने बेजार असा कुणीतरी असणार, असं मला नेहमी वाटतं. मग आपण आणि बाजूचे दोन देश एकत्र बसलो आणि तीन दिवसांत ठरलं, किनाऱ्यावर आपलीही क्षेपणास्त्रं उभी करायची. हे चूकच झालं, असं म्हणायला मला तोंड नाही. नववं क्षेपणास्त्र आपल्या मच्छीमारांच्या होड्यांपासून हाकेच्या अंतरावर पडलं. माझी पत्रं काय ते अडवणार होती? तिन्ही देशांच्या निवेदनाचा मसुदा मीच केला. शेवटची ओळ लिहिली, 'केवळ संरक्षणासाठी', आणि पित्ताची एक गोळी घेतली.

तू लिहिलं होतंस की शाळेतल्या बासष्ट पोरांना आता बाकाखाली लपायचं शिकवतेस, आणि सगळ्यात धाकटी तिथेच झोपून जाते. ते वाचून भावजी आठवले. टेकडीवर शाळा बांधायची म्हटल्यावर गावाने त्यांना वेड्यात काढलं होतं. सुट्टीत मी आलो होतो, तेव्हा त्यांनी कुदळ माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "मार, बघू काय होतं ते." ठिणगी उडाली, दगडाला ओरखडाही आला नाही. "असा खडक आख्ख्या किनाऱ्यावर नाही, मेव्हणेबुवा. शंभर वर्षं हलायची नाही शाळा." ते गेले त्या वर्षीही तू एक दिवस शाळा बंद ठेवली नाहीस.

आणि लहानपण आठवलं. तुझ्या हातून बरणी फुटली की आईने विचारायच्या आत मी सगळं सांगून मोकळा व्हायचो आणि मार तुला बसायचा. बडबड्या हे नाव तूच ठेवलंस.

दोन महिन्यांपूर्वी जागा ठरवायची बैठक झाली. मी टिपणं घ्यायला कोपऱ्यात बसलो होतो. नकाशासमोरचे लष्करी अधिकारी म्हणाले, उंच जागा हवी, दोन्हीकडचा समुद्र दिसावा, खडक पक्का असावा, वरपर्यंत रस्ता असावा. बाकीचे नकाशावर बोटं फिरवत राहिले. मला कुणी विचारलंही नव्हतं, ताई. पण वीस वर्षांत शब्दांपलीकडचं काही मला माहीत असण्याची ही पहिलीच वेळ. मी उभा राहिलो आणि तुझ्या टेकडीबद्दल बोललो. खडकाचं, रस्त्याचं, कुदळीच्या ठिणगीचंसुद्धा. शाळा आहे, हे खाली बसल्यावर आठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांना गाठून म्हटलं, तो दगड ठिसूळ आहे, पाणी झिरपतं. ते हसले. "काल तर ठिणग्या उडत होत्या तुमच्या."

शाळा आणि घर रिकामं करण्याची नोटीस सोमवारी तुझ्या हातात पडेल. तिच्यातली भाषा ओळखीची वाटेल, कारण ती माझी आहे. दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळण्याआधी मीच सांगावं, म्हणून हे पत्र. हरकत घ्यायला तीस दिवस असतात. सोबत तुझ्या हरकतीचा मसुदा जोडलाय; 'दखल'पासून 'निषेधा'पर्यंत सगळं गाळून थेट 'तीव्र निषेधा'पासून सुरू केलाय. आयुष्यात पहिल्यांदाच पायऱ्या गाळल्या. दुसऱ्या पानावर माझं निवेदन आहे: शाळा चालू असल्याचं मला माहीत होतं आणि बैठकीत मी ते सांगितलं नाही. खाली सही आहे, हुद्द्यासकट. ते पान हरकतीला जोडलंस तर माझी खुर्ची जाईल. तशी ती डुगडुगतेच. लावायचं की फाडायचं, ते तू ठरव. बरणी मी फोडली आहे, ताई. या वेळी मार तू खाऊ नकोस.

तुझाच,
बडबड्या