पितृपंधरवड्यातली जत्रा

७ ऑगस्ट २००८

मुक्कामी गाडी बंद होणार म्हणतात!

रूपरावभाऊ आज जेवता जेवता बाबांना सांगत होते. ते गाडीचे कंडक्टर. संध्याकाळी वर्ध्याहून अल्लीपूरमार्गे गाडी येते, रात्री मारुतीच्या देवळापाशी उभी राहते, सकाळी सहाला परत निघते. ते आणि ड्रायव्हर तानबाभाऊ आमच्या दुकानाच्या ओट्यावर झोपतात, आमच्याकडेच जेवतात. याच गाडीने मी कॉलेजला जाते, याच गाडीने परत येते. दुसरी गाडी दुपारची. तिचा मला उपयोग शून्य.

डेपोत कॉम्प्युटरवर नवीन प्रोग्राम आलाय. कंडक्टरच्या गळ्यातल्या मशीनमधून निघालेलं एकूण एक तिकीट तो वाचतो. कुठून किती माणसं चढली, कुठे उतरली. आणि पाहता पाहता स्वतःच शिकतो म्हणे! मग तोच सांगतो, कोणती गाडी ठेवा, कोणती काढा. साहेब फक्त सही करतात.

अल्लीपूरला गाडी रिकामी होते, हे खरं आहे. पुढे उरतो आम्ही. मी, रिकाम्या कॅनवाला दूधवाला किसनराव, आणि कधीमधी एखादी माहेरवाशीण. शेवटच्या सीटवर पाय पसरून झोपता येतं. मला तेच आवडायचं. आता त्याचीच भीती वाटते.

रूपरावभाऊ म्हणाले, “माणसाच्या हातापाया पडता येते. त्याले कुठं पाय हायेत!”

९ ऑगस्ट

बाबा दुपारी गिऱ्हाइकाला साखर बांधता बांधता बोलून गेले, “गाडी हाये तवर कॉलेज. मंग पाहू.”

आमच्या घरात ‘मंग पाहू’चा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. पुलगावकडचं एक स्थळ आईच्या तोंडी गेल्या पोळ्यापासून आहे. नाचणगावला त्यांचं कापडाचं दुकान आहे. मुलगा चांगला आहे. असेलही. माझं बी.एस्सी.चं दुसरं वर्ष आहे, हे कुणाच्या तोंडी येत नाही.

१० ऑगस्ट

वर्ध्याला, नालवाडीच्या आत्याकडे राहते म्हटलं. आत्याची ना नव्हती. पण तिच्याकडे दोन खोल्या, तिचे दोन मुलगे मोठे. बाबा नाही म्हणाले. त्यावर बोलणं नाही.

३ सप्टेंबर

गणपती बसले. आरतीनंतर अण्णाजींनी सगळ्यांना मांडवात थांबवून घेतलं. अण्णाजी म्हणजे गावातलं मोठं माणूस, जुने सरपंच. गाडीचा विषय निघाला. अर्ज करू, मोर्चा काढू, असं काय काय चाललं होतं. अण्णाजींनी सगळ्यांचं ऐकून घेतलं आणि म्हणाले, “त्याले गर्दीच दिसते ना? मंग गर्दी दाखवू.”

आळीपाळीने गावच गाडीत बसवायचं! एका दिवशी एक आळी. सकाळच्या गाडीने अल्लीपूरला जायचं, दिवसभर तिथेच बसायचं, संध्याकाळी त्याच गाडीने परत. तिकीट प्रत्येकाने आपापलं काढायचं.

कधी? तर पितृपंधरवड्यात. तेव्हा ना लग्नं ना मुहूर्त, सोयाबीन काढायला वेळ, माणसं रिकामी. सगळ्यांना पटलं. मला तर इतकं पटलं की घरी येऊन रडले.

१७ सप्टेंबर

काल कुंभारआळी, आज आमची. गाडीत पाय ठेवायला जागा नाही! बायका मांडीवर सूप घेऊन तांदूळ निवडत होत्या. शेजारच्या शकुंतलाबाईंच्या सासूने कित्येक वर्षांत गावाची शीव ओलांडली नव्हती. तिला खिडकी दिली. ती अल्लीपूरपर्यंत हात जोडून बसली होती.

रूपरावभाऊंचं मशीन सारखं किर्र किर्र करत होतं. ते तर हसतच होते.

२१ सप्टेंबर

किसनरावच्या घरी आज वडिलांची तिथी. घरातले निम्मे गाडीत, त्यामुळे पान ठेवायला उशीर झाला. कावळा येऊन, पाहून निघून गेला. किसनरावची बायको अजून बोलत नाही त्याच्याशी. अण्णाजी म्हणाले, पितर समजून घेतील, त्यांच्याच नातवंडांसाठी चाललंय.

अल्लीपूरच्या बाजारात लोक विचारायला लागलेत, तुमच्या गावात काही झालं का? कडुलिंबाखाली आमचं अख्खं गाव डबे घेऊन बसलेलं. मी दिवसभर कॉलेजात. माझ्यासाठी ही माणसं उन्हात बसलीत असं वाटून लाज वाटते. नुसती माझ्यासाठी नाही, माहीत आहे. तरी वाटते.

२९ सप्टेंबर

सर्वपित्री. आज शेवटची आळी गेली. उद्यापासून घट, आणि सोयाबीन पण काढायला आलं. रूपरावभाऊ म्हणाले, एवढी गर्दी या गाडीने कधी पाहिली नव्हती. आता काय बिशाद आहे त्या कॉम्प्युटरची!

आज पहिल्यांदा गाढ झोपणार आहे.

१४ ऑक्टोबर

वर्धा स्टँडच्या फळ्यावर गाडी बंदची नोटीस. एक तारखेपासून.

१६ ऑक्टोबर

अण्णाजी, बाबा आणि मी डेपोत गेलो. मी हट्टाने गेले. साहेब वाईट माणूस नाही. त्यांनी खुर्च्या दिल्या, चहा मागवला आणि पडदा आमच्याकडे वळवून दाखवला. आमच्या गावची रेघ. वर्षभर जमिनीला चिकटलेली, सप्टेंबरात एकदम उभी चढलेली, आणि घटस्थापनेला एकदम खाली.

मी म्हटलं, “सर, ही बघा ना, केवढी गर्दी आहे.”

साहेब म्हणाले, “ती त्याने पाहिली आहे. पण एकदम आली आणि एकदम गेली ना, म्हणून त्याने ती जत्रा धरली. जत्रेची गर्दी तो रोजच्या हिशेबात घेत नाही. ती वेगळी काढतो.” त्यांना कौतुक वाटत होतं. हे त्याला कोणी शिकवलं नाही म्हणे. जिल्ह्यातल्या सगळ्या जत्रा पाहून तो आपलाआपण शिकला.

अण्णाजी म्हणाले, “आमच्या गावात जत्रा नाई भरत, साहेब. आन् पितरपाटात तं कुठंच नाई भरत.”

“मग काय होतं?”

अण्णाजी बाबांकडे पाहायला लागले, बाबा जमिनीकडे. काय सांगणार? गर्दी खोटी होती म्हणावं तर गाडी जाते, खरी होती म्हणावं तर जत्रा ठरते. मी तोंड उघडलं. सांगायचं होतं, मी रोज येते सर, मी एकटीच खरी आहे. पण एका माणसाला गर्दी कोण म्हणेल? चहा पिऊन उठलो.

 गावात उतरल्यावर बाबांनी पिशवी माझ्या हातातून घेतली. बाबा कधी माझी पिशवी घेत नाहीत. तेव्हाच समजले, कॉलेज संपलं.

३१ ऑक्टोबर

रूपरावभाऊ आणि तानबाभाऊ काल रात्री शेवटचे जेवले. आईने पुरण घातलं. दोघांनी एकेकच पोळी खाल्ली. सकाळी अण्णाजींनी गाडीला नारळ फोडला. काय म्हणून, ते त्यांनाही ठाऊक नसेल.

६ नोव्हेंबर

एका मैत्रिणीने प्रॅक्टिकलची वही दुपारच्या गाडीने पाठवली. उघडली नाही.

१९ नोव्हेंबर

नाचणगावचे लोक पाहून गेले. पसंत आहे. मी पसंत आहे की ते, असं आईला विचारलं. ती भाकरी थापत होती, थापतच राहिली. रात्री मात्र माझ्या डोक्याला तेल लावताना म्हणाली, “काऊन चिडतं वं माय. मले कोणी इचारलं होतं काय?”

तिच्यावर चिडायचं होतं. तेही जमलं नाही.

११ डिसेंबर

उद्या हळद. पुस्तकं कोठीत ठेवली, वर पोतं टाकलं. ही वहीही तिथेच राहील.

१६ सप्टेंबर २००९

वही सापडली. पोतं कुरतडलंय, वही शाबूत आहे. मला आठवा लागलाय, पोळ्यापासून माहेरीच आहे.

संध्याकाळी देवळापाशी भोंगा वाजला. मला वाटलं भास झाला. जाऊन पाहिलं तर एकामागे एक तीन गाड्या! तिन्हींच्या काचेवर आमच्या गावाचं नाव आणि खाली लाल अक्षरांत ‘यात्रा विशेष’. आत चिटपाखरू नाही. पहिल्या गाडीतून रूपरावभाऊ उतरले. पंधरा दिवस सोडायला सांगितल्यात, म्हणाले. गेल्या वर्षीची जत्रा त्या कॉम्प्युटरच्या लक्षात होती.

अण्णाजी काठी टेकत आले. बाबा दुकानातून आले.  रूपरावभाऊंनी माझ्याकडे पाहिलं, मग पोटाकडे, आणि मान खाली घातली.

१७ सप्टेंबर

सकाळी सहाला जाऊन माझ्या सीटवर बसले. आई ओरडत होती. रूपरावभाऊ पैसे घेईनात. मी म्हटलं, भाऊ, मशीनमधून काढा. एक वर्धा.