समासातल्या रेघा

होसतोट,
९ जानेवारी २००५

ती. कुसुमअक्काला धाकट्या सुब्रायचा सा. न. वि. वि.

इकडे सगळे मजेत आहेत. यंदा हेगड्यांच्या बागेत सुपारीचे घड उतरवायला मंजा चढतोय. मी चाकाची खुर्ची बांधावर लावून खालून पाहतो. एका पोफळीवरून दुसरीवर झोका घेऊन जायचं सोडून तो तिला मिठीच मारतो. मी ओरडून सांगितलं, अरे, तिचं लग्न झालंय, सोड तिला. दोराचं टोक धरून उभे असलेले गडी हसून खाली बसले. दोन वर्षांपूर्वी मी मात्र दोराबिराच्या भानगडीत न पडता थेट खाली आलो, हेही मीच सांगितलं. नाहीतर ते बिचारे विषय टाळून टाळून दमतात.

परवा नागवेणीच्या माहेरची मंडळी येऊन गेली. तिची आत्या म्हणाली, देवानं कंबरेखालचं नेलं, पण तोंड तरी शाबूत ठेवलं. त्यावर माझी बायको म्हणते, उलट केलं असतं तरी चाललं असतं.

एका बैठकीत चार पानं झाली बघ. दुकानातल्या फोनवर सगळा गाव ऐकतो, म्हणून इथंच बोलून घेतो. माझी काळजी नको. लोभ आहेच, पत्रागणिक थोडा वाढव.

तुझा सुब्राय

धारवाड,
१७ जानेवारी २००५

चि. सुब्रायला अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून खूप हसले. दुसऱ्यांदा वाचलं तेव्हा समास कोरा दिसला.

इस्पितळातून सोडताना तुला शिकवलं होतं की दर पंधरा मिनिटांनी हातांवर जोर देऊन खुर्चीवरून अंग उचलायचं. खालचं काही जाणवत नाही, त्यामुळे कातडी दबून सडली तरी कळणार नाही. विसरू नये म्हणून अंग उचललं की समोरच्या कागदावर रेघ मारायची सवय तू लावून घेतलीस. तुझ्या पत्रांच्या समासात त्या रेघा असायच्या. मी जुनी पत्रं काढून मोजल्या. जूनच्या पत्रात पाच, गणपतीत तीन, दिवाळीत एक. या चार पानांत एकही नाही.

कदाचित फक्त रेघ मारायची सवय सुटली असेल. मी इतिहास शिकवते, कागदाच्या कपट्यावरून भलते निष्कर्ष काढायची मला खोड आहे. तसं असेल तर मला हस. पण आधी नागवेणीला बसायच्या जागेची कातडी एकदा नीट पाहू दे. आरसा धरून तू स्वतःच पाहतोस म्हणे, ते पुरेसं नाही.

रागावलास तरी चालेल, उत्तर मात्र पाठव.

तुझी अक्का

होसतोट,
२६ जानेवारी २००५

ती. अक्काला सा. न.

हे पालथा पडून लिहितोय, अक्षर सांभाळून घे. नागवेणीनं पाहिलं, तर बसायच्या जागी उजव्या बाजूला अख्ख्या सुपारीएवढी जखम निघाली. नर्सबाई म्हणाल्या, दोन महिने पाठ वर. ती स्वतःलाच दोष देतेय.

तुला खोटं लिहून उपयोग नाही, तू समास मोजतेस. मी विसरलो नव्हतो. घड्याळ समोरच असतं. पंधरा मिनिटं झाली की कळायचं, आता उचलायला हवं. आणि मी घड्याळाकडे बघत बसायचो. मरायचं असं काही मनात नव्हतं. उचलायचं कारण सापडत नव्हतं, एवढंच. विनोद तोंडातून आपोआप येतात. लोक हसतात तेव्हा मला दुरून आवाज आल्यासारखं वाटतं.

हे नागवेणीला सांगू नकोस. पाठीमुळे आधीच तिच्या आयुष्याचं पुरेसं वाटोळं झालंय.

सुब्राय

धारवाड,
३ फेब्रुवारी २००५

चि. सुब्रायला आशीर्वाद.

दोन वर्षं माझं चुकत गेलं. मी धरून चालले होते की अशा अवस्थेत माणूस आतून दुःखी असणारच, त्याला काय विचारायचं? आणि पुन्हा तू हसवतोस म्हणजे ठीक आहेस, असंही मानत होते. दोन्ही एकाच वेळी कसं मानलं, हे मलाच कळत नाही.

इथल्या मनाच्या डॉक्टरीणबाईंना भेटले. त्यांना विचारलं, पाठीचा कणा मोडल्यावर कुणाला दुःख होणार नाही? त्या म्हणाल्या, दुःख सगळ्यांनाच होतं. पण कणा मोडलेल्या दहाजणांत दोघा-तिघांनाच नैराश्याचा आजार जडतो. उरलेल्या सात-आठजणांचाही कणा मोडलेलाच असतो की. म्हणजे हा आजार वेगळा आहे, त्याला वेगळं औषध आहे. झोप न येणं, थकवा, भूक मंदावणं हे सगळं पाठीच्या खात्यावर टाकलं जातं, म्हणून तो लवकर सापडत नाही. मी येताना रस्ताभर त्या सात-आठजणांचा विचार करत होते.

आता वाईट बातमी. तुझं गुपित मी ठेवलेलं नाही. नागवेणीला कालच सगळं लिहिलं. तिच्यापासून लपवून तू बरा होशील असं मला वाटेना. हे बरोबर की चूक, अजून ठरत नाही. बाई बारा तारखेला शनिवारी शिरशीला येतात, जीप सांगितली आहे.

मायेत अंतर पडू देऊ नकोस.

तुझी अक्का

होसतोट,
१४ मार्च २००५

ती. अक्काला सुब्रायचा सा. न. वि. वि.

महिनाभर लिहिलं नाही, कारण तुझा राग आला होता. जीपमध्ये गादी टाकून पालथा शिरशीला गेलेला मी पहिलाच असेन. बाईंनी झोप-भूक नंतर विचारली. आधी विचारलं, शेवटची कुठली गोष्ट आवडली होती? मी विनोद केला. त्या हसल्या आणि उत्तराची वाट बघत बसल्या. तेव्हा मला आठवेना, अक्का. काहीच आठवेना.

गोळ्या सुरू होऊन चार आठवडे झाले. पहिले पंधरा दिवस फक्त तोंडाला कोरड पडली. काही सकाळी अजूनही भिंतीकडे बघण्यात जातात. जखम कडेनं भरत आली आहे.

गेल्या सोमवारी नागवेणीनं तांदळाच्या गंजीबरोबर कोवळ्या कैरीचं लोणचं वाढलं. मी म्हटलं, मऊ पडलंय, घाई केलीस. बोललो आणि घाबरलो. पोफळीवरून पडल्यापासून तिच्या हातचं मी ना वाखाणलं होतं, ना नाकारलं होतं. पुढ्यात येईल ते गिळत होतो. ती उठून आत गेली. ती रडत असल्याचं ऐकू येत होतं, आणि पालथ्या माणसाला कुणाच्या मागे जाता येत नाही. थोड्या वेळानं डोळे पुसत आली, माझं तोंड होतं तिथं जमिनीवर बसली आणि म्हणाली, “पुन्हा एकदा बोला बघू. काय वाईट झालंय?”

मी बोललो. मीठ कमी, मोहरी कडू, कैऱ्या धुऊन पुसल्याच नाहीत. ती मान हलवत शेवटपर्यंत ऐकत राहिली.

राग उतरलाय. लोभ होता तिथंच आहे, त्याला तिथंच राहू दे.

तुझा सुब्राय