वाटेसाठी हलकं वाद्य

माय, तुला जाऊन इतकी वर्षं झाली आणि तू मला भेटावंस कुठं, तर आदिलाबादच्या वाद्यांच्या दुकानात. मी सांगते आहे आणि माझी नात लिहून राह्यली. मधेच हसते. अक्षर वाकडं आलं तर दोष तिचा. मला तर वाकडं-सरळही कळत नाही.

ही पोरगी हैदराबादची नोकरी सोडून, पाठीवर पिशवी टाकून वर्षभर हिंडायला निघाली आहे, एकटी. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, बोलून बोलून थकला. शेवटी मला म्हणाला, "आई, तुयंच आयकते ते. तूच समजाव." म्हणून मी तिच्यासंगं आमच्या जैनथहून बसनं आदिलाबादला गेले. तिला प्रवासात न्यायला युकुलेले घ्यायचं होतं. गिटारीचं पिल्लू समज, चार तारांचं. तिनं एक साधंसं निवडलं. पातळ फळ्या चिकटवलेलं आहे, उन्हापावसात तडकत नाही, सूर लवकर उतरत नाही, सीटखाली मावतं, म्हणाली. दिसायला मात्र चहाच्या खोक्यासारखं. मी दुसरंच धरलं. मोठं, जड, अस्सल लाकडाचं, वेलबुट्टीचं. बाजारात मडकं वाजवून घ्यावं तसं बोटानं ठोकलं, कान लावला आणि मोठी जाणती असल्यासारखी मान डोलावली. माझ्याकडून भेट म्हणून हेच घे, म्हटलं. मला ठाऊक होतं, एवढं नाजूक धूड घेऊन कोणी डोंगर चढत नाही. ते घरीच ठेवावं लागतं, आणि मग वाजवणारीही घरीच राहते.

तिनं आपलं साधं वाद्य परत ठेवलं. "तुले आवडलं नं आजी? मंग हेच घेऊ." दुकानदार ते गुंडाळायला लागला.

आणि तू आलीस. माझ्या पाठवणीचा दिवस. सासर पैनगंगेपलीकडे, वाट बैलगाडीची, आणि तू ओट्यावर पाण्यासाठी वाळवलेले भोपळ्याचे तुंबे मांडून बसली आहेस. डोळे गळताहेत, हात कामात. एकेक तुंबा उचलतेस, झुलवून पाहतेस, बाजूला सारतेस. मी मोठा मागते तर खेकसतेस, "वाटेत पाणी लागते, वजन नाही लागत." आणि सगळ्यात हलका माझ्या खांद्याला अडकवतेस. तुलाही मला ठेवून घ्यावंसं वाटलं असेल. पण जड असं तू मला काहीच दिलं नाहीस.

मी दुकानदाराचा हात धरला. "भैया, वो नहीं. पहलेवाला."

"काऊन वं आजी?"

"तू जाऊन राह्यली नं? मंग जाणाऱ्याचं घे."

बसमध्ये लेकाला काय सांगायचं याचा विचार करत आले. अजून सुचलेलं नाही.

उद्या ती निघते. हे पत्र कुठं टाकू, विचारते. कुठंच नको म्हटलं, माझ्या उशीखाली राहू दे. घरात वाचणारे पुष्कळ आहेत, पण मी ते कोणाच्या हाती देणार नाही. जिनं लिहिलं तिनंच येऊन वाचून दाखवावं. तुझ्यासारखं मोकळं सोडणं मला नाही जमलं, माय.