खाडी साफ हाय

११ जून

मेलेले मासे दोन लाख लोकांनी पाहिले. खाडीकाठच्या ज्ञानेशने काल व्हिडिओ टाकला. पांढरी पोटं वर करून तरंगणारे बोईट, त्यावर फेस, आणि मागे लांबवर आमच्या कंपनीची चिमणी.

पूर्वी असं काही झालं की पालघरहून शांतारामचा फोन यायचा. त्याचं साप्ताहिक चार पानांचं, पण प्रश्न दोनच विचारायचा आणि दोन्ही झोंबायचे. मी प्रेसनोट काढायची, तो अर्धी छापायचा नि उरलेल्या अर्ध्यावरून मला छळायचा. इतकी वर्षं जनसंपर्क म्हणजे एवढंच होतं. आज आमचे प्लँट हेड धर्मेशसाहेब म्हणाले, ‘मॅडम, प्रेसनोट कोण वाचतं? पब्लिकला पब्लिककडूनच उत्तर मिळालं पाहिजे.’ उद्या अंधेरीहून एजन्सी येते आहे.

खाडीत गेलेलं सांडपाणी आमचं होतं का, म्हणून लॅबमध्ये विचारलं. ‘रिपोर्ट यायचाय.’ त्यांचा रिपोर्ट कायम यायचाच असतो.

१२ जून

एजन्सीची किंजल. चोवीस-पंचवीसची, हसरी, मुलगी चांगली आहे — हेच वाईट. फेसबुकवर ‘आपली खाडी’ नावाचं पान उघडलं. गावकऱ्यांनी काढलंय असं भासवायचं. वर खोट्या नावांची डझनभर खाती, पानावर येऊन ‘बरोबर बोललात’ म्हणायला.

‘मॅम, तुम्ही इथल्याच ना? लोकल टच तुम्हीच द्या.’

मी माकुणसारची. वाडीत चिकूच्या झाडांखाली वाढले, बोली कानात आहे. म्हणून माझ्या वाट्याला रखमाबाई आली! कुठल्या तरी म्हातारीचा फोटो, नाकात नथ. तिच्या तोंडून मी लिहिलं, ‘माजा नातू तिकडंच कामाला हाय. खाडी साफ हाय. उगाच बदनामी करू नका.’

किंजलने टाळी वाजवली. मला हात धुवावेसे वाटले.

१३ जून

रखमाबाईला चारशे लाईक. एकाने लिहिलंय, ‘आज्जी, पाया पडतो.’ जेवण गेलं नाही.

१५ जून

आज किंजलला ‘खरा चेहरा’ हवा होता. मार्चमध्ये कंपनीच्या कॅलेंडरसाठी मी बंदरावर फोटो काढले होते. त्यात बन्सी तांडेल आपल्या होडीपुढे हा एवढा घोळ मासा धरून हसतो आहे. त्याची बायको नवसी पालघरच्या बाजारात बसते, वर्षानुवर्षं मी तिच्याकडूनच मासळी घेते.

किंजलने खाली ओळ लिहिली — ‘आज पहाटेच मिळाला. कोण म्हणतो खाडी साफ नाही?’ मी ‘नाही’चं ‘नाय’ केलं, ‘म्हणतो’चं ‘बोलतो’ केलं आणि टाका म्हटलं. शाळामास्तरीण मेली मी! पण छान जमलं म्हणून मनात खूशही झाले होते. ते लिहायलाच हवं.

२० जून

कपाळ माझं.

बाजारात गेले. पावसाळ्यात नवसीकडे सुकटच असते. मला पाहून तिने टोपलीखालून प्लास्टिकची पिशवी काढली. आत मत्स्य खात्याची नोटीस. बंदीच्या काळात मासेमारी केली, परवाना रद्द का करू नये, म्हणून.

जून-जुलैत इंजिनाच्या होड्या बंद. सगळ्या वर ओढून ताडपत्रीखाली. किनाऱ्यावरच्या शेंबड्या पोरालाही हे ठाऊक आहे. आणि आमच्या पानावर बन्सी ‘आज पहाटेचा’ घोळ घेऊन उभा, पाठीमागे होडीचा नंबर ठळक. कुणी तरी तो फोटो खात्याला पाठवला. मी, इथली, बोलीचे शब्द सुधारत बसले आणि महिना कुठला चाललाय ते पाहिलं नाही.

नवसी म्हणाली, ‘ताई, होडी कवाची वर काढलेली हाय. इंजिन पण खोललंय. खात्याचा साहेब बोलतो, मग फोटो काय खोटा हाय? परवाना गेला तर आमी काय खायाचं? तुमी मोबाईलमधलं जाणता. हे पान कोणाचं हाय, तेवढं शोधून द्या.’

‘बघते,’ म्हटलं.

तिने दोन मुठी सुकट जास्तीची घातली. पैसे घेतले नाहीत. आणि मी ती पिशवी घरी आणली. शी!

२१ जून

धर्मेशसाहेब शांतपणे म्हणाले, ‘पान डिलीट करा.’ किंजलचा चेहरा पडला, अकरा हजार माणसं जोडली होती म्हणे. माणसं!

‘साहेब, त्यांची होडी जाईल.’

‘मॅडम, आपण त्यांचं नाव कुठे घेतलं होतं?’

आता पान नाही, म्हणजे ते आमचंही नव्हतं. खात्याकडे मात्र फोटो आहे.

२३ जून

शांतारामकडे गेले. सगळं सांगितलं, म्हटलं छाप. त्याने चहा मागवला, माझ्याकडे न बघता ग्लास फिरवत राहिला. ‘मॅडम, पेपर कधीच बंद केला. आता पोराचं न्यूज पोर्टल आहे. तुमच्या कंपनीच्या जाहिरातींचं वर्षाचं पॅकेज आहे त्याच्याकडे.’

ज्याला मी वर्षानुवर्षं टाळत आले त्याच्याकडे आज आपल्या पायांनी बातमी घेऊन गेले, आणि त्याने मला टाळलं. त्याच्यावर चिडायचा हक्क मला नाही. तरी चिडले.

२७ जून

मत्स्य खात्याच्या कार्यालयात लेखी जबाब दिला. फोटो मार्चचा, काढला मी, टाकायला सांगितला मी, पान कंपनीचं. मोबाईलमधला मूळ फोटो तारखेसकट दाखवला. साहेबाने दोनदा वाचलं. ‘नोकरीचं काय?’ एवढंच विचारलं.

परत आल्यावर धर्मेशसाहेबांना मीच सांगितलं. ओरडतील वाटलं होतं. ते म्हणाले, ‘एक प्रत मलाही द्या.’ गोड आवाजात.

२८ जून

नवसीला सांगितलं. पान आमच्या कंपनीचं होतं, फोटो मीच टाकायला लावला. ती सुकटीवरच्या माश्या वारत राहिली. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

‘होडी सुटल ना?’

‘सुटेल.’

‘मंग झालं,’ म्हणाली, आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळली.

४ जुलै

निलंबन. कारण — ‘कंपनीच्या नावाचा परस्पर गैरवापर.’ परस्पर! पान काढायला एजन्सी कुणी बोलावली? किंजलला फोन केला. तिने मला ब्लॉक केलंय.

आई म्हणते, माकुणसारला ये, राहा चार दिवस. नको. इथे निदान बातमी कळेल.

१९ जुलै

खात्याकडून काही नाही. बंदी उठायला थोडे दिवस उरले. बन्सीने होडीला रंग लावायला घेतला नाही, असं बाजारात ऐकलं. नवसीची जागा रिकामी होती.

२ ऑगस्ट

कंपनीच्या अधिकृत पानावर नवसी बोलते आहे. मागे त्यांची होडी, नवा निळा रंग, पाण्यात. ‘मोनालीताईनी आमचा फोटो टाकला, ते त्यांचं त्यांनी केलं. कंपनीचा काय संबंध नाय. कंपनीनं वकील दिला, म्हणून आमची होडी सुटली.’ माझं नाव घेताना ती खाली बघते, मग कुणी तरी सांगितल्यासारखी हसते.

कंपनीतल्या माझ्या खुर्चीत मी अजून असते, तर तिला हेच लिहून दिलं असतं. एक शब्द बदलला नसता.